एक सही आणि घरभर गोळ्या

माझ्या उजव्या पायातली चप्पल घरापासून तिसऱ्या वळणावर निघून पडली होती, हे मला नंतर शोधाअंती कळलं. बँकेत शिरलो तेव्हा डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय जमिनीशी थेट व्यवहार करत होता. दारावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला, माझ्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा सलाम ठोकला. दुसरा सलाम कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही. दुपारपर्यंत मी निसर्गोपचार सुरू केल्याची बातमी सगळ्या काउंटरांवर पोचली, आणि रोखपालाने तर मला अनवाणी चालण्याचे फायदे विचारले. मी चार-पाच सांगितलेसुद्धा. चप्पल पडलेली कळली नाही, हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरी गोष्ट अशी, की गेले दोन महिने पायांना मुंग्या येत होत्या. मुंग्या येतात आणि जातात, हा आजवरचा अनुभव. या आल्या त्या बिऱ्हाड थाटून राहिल्या. आधी तळपायात, मग घोट्यापर्यंत, आणि मग एके दिवशी थेट हातांच्या बोटांत. सदऱ्याची बटणं लावायला दहा मिनिटं लागू लागली, आणि वरचं बटण खालच्या काजात गेलेलं असूनही मी दिवसभर रुबाबात वावरू लागलो. आता माझ्यासारख्या माणसाच्या बोटांना काही होणं म्हणजे काय, हे कळायला माझं काम काय ते सांगितलं पाहिजे.

मी बँकेत सह्या पडताळतो. कागदावरची सही आणि आमच्याकडच्या नमुना कार्डावरची सही शेजारी शेजारी ठेवायच्या आणि जुळतात की नाही ते सांगायचं. सव्वीस वर्षं मी हेच करतो आहे. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, दोन चित्रांतले फरक लहान मुलंही ओळखतात. ओळखोत बापडी. एका गृहस्थांनी लग्नानंतर सहीखालची रेघ थोडी आखूड केली होती, तेवढ्यावरून मी त्यांना परत पाठवलं होतं. लग्न त्यांचं, रेघ आमची. बँकेत पाठीमागे मला 'जुळत नाही' म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

माझी स्वतःची सही ही आमच्या घराण्यातली एकमेव देखणी गोष्ट. पहिलं अक्षर पगडी बांधल्यासारखं डौलदार, मग नावाचा सपाट रस्ता, शेवटी खाली एक लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी, असं बायकोने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते मलाही माहीत नव्हतं.

चपलेच्या प्रकरणानंतर बायकोने मला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली आणि विचारलं, "दुखलं?" मी म्हटलं, "केव्हा?" मग रक्त तपासलं. अहवालात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व दोनशेच्या वर पाहिजे होतं, ते एक्क्याऐंशी निघालं. शाळेत गणितात मला एवढे गुण पडले असते तर वडिलांनी गल्लीभर सांगितलं असतं.

"याच्याशिवाय नसा कुरकुर करतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इंजेक्शनं घ्यायची आणि रोज ही एक गोळी. नसा सावकाश भरून येतात, घाई करायची नाही. आणि मनाने दुसरं काहीही घ्यायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. ते त्यांनी माझ्या घरच्यांकडे बघून म्हणायला हवं होतं.

मी घरी येऊन पद्धतशीर सुरुवात केली. एक तक्ता आखला, फ्रिजच्या दारावर लावला. डावीकडे तारीख, उजवीकडे 'गोळी घेतल्याची सही'. आठव्या दिवशी बायकोने तक्ता पाहिला, आठवड्याच्या सातही रकान्यांत सही होती. मग तिने गोळ्यांचं पाकीट पाहिलं, त्यात सातही गोळ्या होत्या. झालं होतं असं, की सोमवारी सकाळी मी आधी कागदपत्रं पूर्ण करून टाकली होती. बँकेत काम करणाऱ्या माणसाला सही झाली की काम झाल्यासारखंच वाटतं, ही गोष्ट मी बायकोला नाना परींनी समजावली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक माझीच. मी सहीवर विश्वास ठेवला."

हे मला फार लागलं. त्या दिवसापासून मी गोळी न चुकता घेऊ लागलो, पण बायकोचा विश्वास काही परत आला नाही. विश्वास नसला तरी तिने वाद घातला नाही, आणि इथेच मी सावध व्हायला हवं होतं. ती फक्त औषधाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, नसांसाठी चांगलं काहीतरी द्या. दुकानदाराने बी कॉम्प्लेक्सची बाटली दिली, म्हणजे बी-बारा आणि त्याची सगळी भावंडं. रात्रीच्या सुपात मिरपूड जास्त झाली आहे, असं मी म्हणायचो. ती मिरपूड नव्हती.

माझी आई आमच्याच घरात राहते आणि तिला एकच काळजी असते, की सून आपल्या मुलाचे लाड करून त्याला बिघडवते आहे. "तो गोळ्या टाकून देतो आणि ती बिचारी काही बोलत नाही," असा निष्कर्ष तिने परस्पर काढला. मग तिने तिच्या मैत्रिणीकडून पाण्यात टाकली की फसफसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची नळी मागवली आणि सकाळच्या दुधात एकेक सोडू लागली. दूध फेसाळ का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताजं आहे."

तिसरा माझा मेहुणा. हा औषधांच्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी. त्याच्या बॅगेत सगळ्या जगाच्या दुखण्यांवरचे फुकट नमुने असतात, आणि दुखणं कुणाला आहे हे तो नंतर शोधतो. त्याने मात्र लपवाछपवी केली नाही. "भावोजी, हा परदेशी फॉर्म्युला आहे, नसांसाठी खास," असं म्हणून त्याने एक बाटली उघडउघड माझ्या हातात ठेवली. डॉक्टरबाईंचं शेवटचं वाक्य मला आठवलं होतं. पण बाटली फुकट होती आणि तिच्यावर डोंगरावरून धावणाऱ्या माणसाचं चित्र होतं, त्याच्या दोन्ही पायांत बूट होते. मी रोज दोन घेऊ लागलो.

चौथे आमच्या खालच्या मजल्यावरचे गुरांचे डॉक्टर. हे निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हात अजून शिवशिवतात. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे बुद्धिबळाला जातो. माझी हकिकत ऐकून ते म्हणाले, "बसा बघू. मान वर करा. जीभ दाखवा." मग त्यांनी माझी पाठ थोपटली, कानामागे खाजवलं आणि म्हणाले, "चांगला गडी आहे, थोडी ताकद कमी पडते." त्यानंतर त्यांच्याकडच्या चहाला गंजलेल्या खिळ्याची चव येऊ लागली. मला वाटलं, किटली जुनी झाली असेल. वय झालेल्या माणसाच्या किटलीला नावं ठेवणं बरं नव्हे, म्हणून मी रोज दोन कप प्यायचो.

पहिल्या महिन्यात फरक पडला. चप्पल पायात राहू लागली, बटणं आपापल्या काजात जाऊ लागली. हे चौघे आपापल्या मनात खूश होते, कारण प्रत्येकाला ते आपलंच श्रेय वाटत होतं. मी इंजेक्शनं देणाऱ्या नर्सला श्रेय देत होतो.

मग एके सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आलो तो भिंत धरूनच. लघवीचा रंग पिवळा होता म्हणणं अपुरं आहे. रस्त्यावर काम चालू असताना कामगार जी जाकिटं घालतात, तो रंग होता. मी बायकोला हळूच सांगितलं. तिने आईला सांगितलं, आईने कावीळ म्हणून जाहीर केलं, आणि पाच मिनिटांत मी खिडकीपाशी डोळे ताणून उभा होतो व घरातले सगळे माझ्या बुबुळांत डोकावत होते. मेहुण्याने फोनवर निदान केलं. "काही नाही भावोजी, ते बी-दोन आहे. जास्तीचं शरीर टाकून देतं. गोडाऊन भरलं की माल रस्त्यावर येतो तसं."

सगळे हुश्श करून चहाला बसले. फक्त माझी मुलगी बसली नाही. तिला हवामानशास्त्र शिकायचं आहे, त्यामुळे कुठे काय जमतं आणि कुठे काय पडतं याच्याकडे तिचं लक्ष असतं.

"पण बाबा, डॉक्टरांची गोळी तर नुसत्या बी-बाराची आहे," ती म्हणाली. "आणि मामाच्या बाटलीने इतकं होईल?"

बायकोने कपात पाहिलं, आईने छताकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोठ्यांच्या लघवीत बोलू नये."

तिसऱ्या महिन्यात मुंग्या परत आल्या, आणि येताना पाहुणे घेऊन आल्या. आता तळपाय जळायचे आणि बोटांवर कुणीतरी लोकरीचे मोजे चढवल्यासारखं वाटायचं. घरच्यांना माझी दया आली, आणि प्रत्येकाने आपापला डोस गुपचूप दुप्पट केला. प्रेमाच्या माणसांना वेगळं काही सुचत नाही.

आणि त्याच सुमाराला मुलीच्या नावाने पत्र आलं. तिला हवामानशास्त्राच्या संस्थेत प्रवेश मिळाला होता. चोवीस जागा, नऊशे अर्ज. मी ते पत्र वाचलं आणि चष्मा पुसायला आत गेलो. परत आलो तेव्हा मुलगी पत्राचं दुसरं पान वाचत होती. पालकांच्या संमतीपत्रावर सही हवी, ती पालकांचं खातं असलेल्या बँकेने पडताळलेली हवी, आणि कागद शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत संस्थेत पोचला पाहिजे. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

पालक म्हणून माझं नाव छापलेलं होतं. अर्ज भरताना बायको म्हणाली होती, मी करते सही. मी म्हटलं होतं, "तुझी सही म्हणजे नुसतं नाव लिहिल्यासारखी दिसते. संस्थेवर छाप पडली पाहिजे."

त्या संध्याकाळी मी रद्दी कागदावर सराव करायला बसलो. पगडी सुटली. सपाट रस्त्यावर खड्डे पडले. रेघ निघाली ती टेबलावर गेली आणि टिंबं तर कागदावरच आली नाहीत. मी चाळीस सह्या केल्या, त्यातल्या दोनसुद्धा एकमेकींना ओळखत नव्हत्या. मेहुण्याने मनगटाला पट्टी बांधून पाहिली. गुरांच्या डॉक्टरांनी माझा हात मागून धरला आणि "सोड, ढिला सोड, हां, शाब्बास" असं म्हणत स्वतःच सही केली. ती त्यांची झाली.

बुधवारी डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं, त्याचा अहवाल आला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बी-बारा उत्तम आहे. पण बी-सहा इतकं वर गेलंय की मी असा आकडा फक्त पुस्तकात पाहिला होता. तुम्ही काय काय घेताय?"

मी मेहुण्याची बाटली कबूल केली.

"एवढ्याने नाही होणार," त्या म्हणाल्या आणि माझ्यामागे बसलेल्या माणसांकडे पाहू लागल्या. माझ्याबरोबर आई होती, बायको होती, आणि गाडी चालवायला गुरांचे डॉक्टर आले होते. मग बायकोने पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आईने बायकोकडे पाहिलं आणि पदराआडून नळी काढली. बायकोने आईकडे पाहिलं. गुरांच्या डॉक्टरांनी खिशातून बाटली काढली, तिच्यावर घोड्याचं चित्र होतं.

"माणसांनाही चालतं," ते म्हणाले. "प्रमाणात."

"तुम्ही त्याच्या दुधात घालत होतात?" बायकोने आईला विचारलं.

"तू सुपात घालत होतीस?" आईने विचारलं. आणि मग त्या दोघी, लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर प्रथमच, एकमेकींकडे कौतुकाने बघून हसल्या. मी मधे बसलो होतो.

डॉक्टरबाईंनी बाटल्या एका ओळीत मांडल्या. "हे बी-सहा कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि फार झालं तरी बिघडतात. या सगळ्यांत ते आहे. आजपासून सगळं बंद. मी देईन ते एक इंजेक्शन, बस."

"आणि हात?" मी विचारलं.

"सुधारेल. काही महिने लागतील."

"मला शुक्रवारी पाहिजे."

"शुक्रवारपर्यंत," त्या म्हणाल्या, "मी फक्त तुमचे नातेवाईक थांबवू शकते."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी रजा टाकून माझ्याच बँकेत, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभा राहिलो. सोबत मुलगी होती. बँक त्या बाजूने मी कधी पाहिली नव्हती, खिडकी फार उंचावर आहे. माझ्या खुर्चीत माझ्या हाताखालची सहायिका बसली होती. तिला मी सहा वर्षं शिकवून तयार केलं आहे. डोळा मऊ झाला की हात चुकतो, हे माझं वाक्य तिने खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं आहे.

मी तिच्यासमोर संमतीपत्रावर सही केली. तिने माझं नमुना कार्ड काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिली. तिचे कान लाल झाले.

"सर," ती म्हणाली, "जुळत नाही."

मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता हे मला कळलं.

"अगं, मी आहे," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं, बोललो पहिल्यांदाच.

"तुम्ही आहात ते दिसतंय, सर. सही नाहीये."

"मग नमुना बदलून टाक. नवीन कार्ड दे."

"नमुना बदलण्याच्या अर्जावर जुन्या नमुन्याप्रमाणे सही लागते."

"हा कुठल्या मूर्खाचा नियम?"

तिने खणातून त्या नियमाची पिवळी पडलेली टिपणी काढून माझ्यासमोर धरली. खाली पगडी होती, रेघ होती आणि दोन टिंबं होती. काय देखणी सही होती ती.

मुलीने माझ्या बाहीला हात लावला. "बाबा, राहू दे," ती म्हणाली. "मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन." ती हे इतक्या समजूतदारपणे म्हणाली, की मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. नऊशेतून चोवीस पुन्हा कोण देतं? आणि ही जागा तिच्या हातून जात होती ती ढगांमुळे नाही, माझ्या दोन टिंबांमुळे.

"एक मार्ग आहे, सर," खिडकीतून आवाज आला. तिने नजर खाली ठेवली होती. "ज्याला सही करता येत नाही, त्याला डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार, आणि अधिकाऱ्याने लिहून द्यायचं की, या व्यक्तीला मी ओळखते."

सह्यांच्या माणसाने अंगठा उठवायचा. तोही स्वतःच्या बँकेत, स्वतःच्या खिडकीवर, रोखपाल आणि तीन काउंटरं बघत असताना. मी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती.

"पॅड दे," मी म्हटलं.

पॅड आलं, पण मला अंगठा शाईला टेकला की नाही तेच कळेना. पहिला ठसा कोरा आला. दुसऱ्याचा काळा गोळा झाला. कागदावर आता एकाच ठशापुरती जागा उरली होती.

"अहो, दाबू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "थांबा, मी दाखवतो."

माझ्या मागे एक निवृत्त पोस्टमन उभे होते. मी त्यांना ओळखत होतो. मागल्या वर्षी मी त्यांना सही जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलं होतं आणि चौथ्यांदा अंगठा लावायला सांगितलं होतं. तीस वर्षं लोकांचे पत्ते वाचलेला माणूस तेव्हापासून दर महिन्याला अंगठा लावत होता. त्यांनी माझा अंगठा दोन बोटांत धरला. "शाई हलकी घ्यायची. डावीकडून उजवीकडे एकदाच लोळवायचा. कळत नसेल तर अंगठ्याकडे बघायचं, म्हणजे चुकत नाही."

ठसा उमटला. रेघन् रेघ स्पष्ट. साक्षीदार म्हणून पहारेकऱ्याने आणि रोखपालाने सह्या केल्या. शेवटच्या ओळीत सहायिकेने लिहिलं, 'या गृहस्थांना मी सहा वर्षं ओळखते', आणि शिक्का मारला. माझी मुलगी कागद छातीशी धरून दाराकडे पळाली. मग परत आली, माझ्या शाईच्या अंगठ्याला घट्ट धरलं, स्वतःचा हात काळा करून घेतला आणि पुन्हा पळाली. मला त्या अंगठ्याला काही जाणवलं नाही, पण रडू आलं.

डोळे पुसून मी मागे वळलो. पोस्टमन आता खिडकीशी उभे होते आणि पॅड पुढे ओढत होते. त्यांचा हात हलत होता. सव्वीस वर्षं मी लोकांच्या सह्या पाहिल्या, हात कधी पाहिला नव्हता.

"काका," मी विचारलं, "बोटांना मुंग्या येतात का हो?"

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "पायांनापण. वयाचं असेल म्हणून मी कुणाला बोललो नाही."

"बोलायचंच नाही," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे चला. पण मेहेरबानी करून घरी कुणाला सांगू नका."